पाखरू घरटे केव्हा सोडते?

अल ऐन येथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने मागे फेब्रुवारी अखेरीस आम्हांस एक प्रश्न विचारला. त्यांच्या बाल्कनीतील कुंडीत बुलबुलाने वाटीएवढे घरटे बांधले होते, त्यात दोन अंडी होती, पण आई दिवसभर फिरकली नव्हती. तिने घरटे टाकले असे समजावयाचे काय? टाकले असल्यास कुंडी धुऊन घ्यावी, की अंडी कापसात गुंडाळून ठेवावी? प्रश्न दोन ओळींचा, पण त्याचे उत्तर शोधू लागलो तेव्हा पाखरांच्या संसाराचा बराच भाग वाचावा लागला. घरटे टाकणे ही गोष्ट आपण समजतो तशी नाही, असे आमच्या ध्यानात आले. म्हणून हा पाठ.

अल ऐन हे गाव अबूधाबी अमिरातीत, ओमानच्या सरहद्दीला अगदी चिकटून आहे. अरबीत 'ऐन' म्हणजे झरा आणि डोळाही. आपण एन गेदी, एन करेम म्हणतो त्यातला 'एन' तो हाच. येथील जुन्या बागेत खजुराची दीड लाखाच्या जवळपास झाडे आहेत, व त्यांना 'फलज' नावाच्या पाटांनी पाणी मिळते. ही बाग व भोवतालची प्राचीन स्थळे २०११ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली. भोवती वाळवंट आणि मध्ये हिरवे गाव, तेव्हा पाखरांची वस्ती दाट असणारच. आपल्याकडचा लालबुड्या बुलबुल पिंजऱ्यातून सुटून येथे कायमचा स्थायिक झाला आहे. त्याचा पांढऱ्या गालांचा चुलतभाऊही आहे. साळुंकी, चिमणी, होला ही मंडळी तर कोकणातल्या अंगणातलीच. इस्रायलमधील वाचकांच्या बागेत जो बुलबुल येतो त्याच्या डोळ्याभोवती पांढरे कडे व बुडाला पिवळा रंग असतो. तो निराळ्या जातीचा, परंतु हिब्रूतही त्याचे नाव बुलबुलच.

प्रथम त्या दोन अंड्यांचे पाहू. बुलबुलाची मादी दिवसाला एक याप्रमाणे दोन किंवा तीन अंडी घालते. पहिले अंडे पडले की ती लगेच बैठक मारते असे नाही. बहुतेक गाणारे पक्षी सर्व अंडी, निदान शेवटून दुसरे अंडे, होईपर्यंत नीट उबवावयास बसतच नाहीत. यात तिचा शहाणपणा आहे. सर्व अंड्यांची ऊब एका वेळी सुरू झाली म्हणजे पिल्ले जवळपास एकाच दिवशी बाहेर पडतात व त्यांची वाढ बरोबरीने होते. एकेक करून बाहेर पडली तर थोरले सर्व खाऊन टाकते आणि धाकटे उपाशी मरते. ऊब न मिळालेले अंडे काही मरत नाही. गार हवेत, सुमारे पंचवीस अंशांच्या खाली, त्याची वाढ जवळजवळ थांबलेली असते. पोतडीतील बियाण्यासारखे ते वाट पाहत राहते. तेव्हा दोन अंडी आणि रिकामे घरटे हे दृश्य टाकलेल्या घरट्याचे नसून, बहुधा चालू घरट्याचे असते. शिवाय दुसरी एक गंमत अशी की, आपण काचेशी उभे राहून 'आई येते का' म्हणून पाहत असतो, आणि आई समोरच्या झाडावर बसून 'हे जातात का' म्हणून पाहत असते. आम्ही कळविले की, दाराचा पडदा ओढून घ्या व तीन दिवस तिकडे जाऊच नका. चौथ्या दिवशी उत्तर आले की अंडी तीन झाली व मादी बसली आहे.

बापाविषयीही असाच गैरसमज होतो. अल ऐनच्या बागांतून निळाजांभळा चमकणारा शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी, पुष्कळ आढळतो. इस्रायलमध्ये त्याच्या भाऊबंदाला 'त्सुफीत' म्हणतात. शिंजिराच्या घरी कोळ्याची जाळी व गवत आणून पिशवीसारखे घरटे विणते ती एकटी मादी. उबवतेही तीच. नर जवळपास गात असतो, पण अंड्यांवर बसत नाही. पाहणाऱ्याला वाटते, याने बायकोला टाकले. पण पिल्ले बाहेर आली की हाच नर चोचीत किडे घेऊन येऊ लागतो. कोणत्या जातीत कोणाचे काम कोणते हे ठाऊक असल्याशिवाय कोणाला बेजबाबदार ठरवू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. घरटे खरोखर टाकले जाते का? होय, आणि ते वरचेवर घडते. जगातील पक्ष्यांच्या जातींपैकी दहांतल्या सुमारे नऊ जातींत पिल्लांची जोपासना नर व मादी मिळून करतात. सस्तन प्राण्यांत हे प्रमाण फार थोडे आहे. मांजरीच्या पिल्लांचा बाप कोण हे आळीत कोणालाच माहीत नसते. पाखरांच्या पोटात दूध नसल्यामुळे जे काही भरवावयाचे ते चोचीने, आणि चोच दोघांनाही सारखीच आहे. म्हणूनच दोघांपैकी एकाने पाय काढला, किंवा दोघेही उडून गेले, तर तो प्रकार डोळ्यांत भरतो.

शास्त्रज्ञांनी या गोष्टीचा हिशेब मांडला. १९७२ साली अमेरिकेतील रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी असा विचार मांडला की, अपत्यावर जो आजवर कमी खर्चला आहे त्याला पळून जाण्याचा मोह अधिक. ऐकावयास हे पटते. परंतु १९७६ साली रिचर्ड डॉकिन्स व टॅम्झिन कार्लाइल यांनी त्यातील चूक दाखवून दिली. मागे किती घातले याने काही ठरत नाही, पुढे काय मिळावयाचे आहे व त्यासाठी आणखी किती घालावे लागेल यानेच ठरते. दाखला म्हणून त्यांनी कॉन्कॉर्ड विमानाचा उल्लेख केला. इंग्लंड व फ्रान्स यांनी त्यात एवढा पैसा ओतला होता की, धंदा फायद्याचा नाही हे दिसत असतानाही 'आता कसे सोडावयाचे' म्हणून आणखी ओतत राहिले. योगायोग असा की, त्याच वर्षी जानेवारीत लंडनहून हे विमान उतारू घेऊन प्रथम निघाले ते आखातातच, बहारीनला. २००३ साली ते बंद पडले. आपल्यातही बुडत्या दुकानात 'बापाने एवढे घातले' म्हणून पैसे घालणारे काही कमी नाहीत. पाखरू ही चूक सहसा करीत नाही.

या हिशेबाने पाहिले म्हणजे पाखराच्या वागण्याचा उलगडा होतो. घरटे नुकतेच बांधावयास घेतले असता मांजर दिसले, माणसाने फांदी हलविली, तर पक्षी ते सोडून देतो. अजून गेले काय? चार दिवसांच्या काड्या. ऋतू पुष्कळ उरला आहे, दुसरीकडे बांधता येईल. अंडी घातली जात असतानाही धीर कच्चाच असतो. तीनांपैकी दोन अंडी सापाने नेली तर उरलेल्या एकासाठी दोन आठवडे बसण्यापेक्षा नवी तीन घालणे परवडते. मग ती निघून जाते. पण उबवण जसजशी पुरी होत येते, तसतशी ती अधिकाधिक चिकट होते. पिल्ले निघाल्यावर तर तीच भित्री बुलबुल मांजरीच्या डोक्यावर झडप घालते, कारण आता थोडक्या दिवसांच्या कष्टांत पुरी पिल्ले हाती येणार, आणि नव्याने आरंभ करावयाचा तर पुन्हा पहिल्यापासून सर्व.

कोणी म्हणेल, एवढासा जीव हिशेब कसा करील? तो करीत नाही. त्याच्या रक्तात तो झालेला असतो. अंड्यांच्या स्पर्शाने पक्ष्याच्या शरीरात 'प्रोलॅक्टिन' नावाचे द्रव्य वाढते. हेच द्रव्य मनुष्याच्या आईला दूध आणते. ते जोवर चढते आहे तोवर पक्षी घरट्याला बांधलेला. उलट भूक, वादळ, वारंवारची भीती यांनी 'कॉर्टिकोस्टेरॉन' वाढते, आणि ते फार वाढले की बंध तुटतो. उपाशी आईने घरटे सोडले तर ती निष्ठुर झाली असे नाही. ती जगली तर पुन्हा अंडी घालील, मेली तर दोन्हीही गेली.

या विषयातील एक जुने व उत्तम निरीक्षण आपल्याच गावचे आहे, हे सांगावयास आम्हांस आनंद वाटतो. अलिबागजवळचे किहीम आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. नवगावपासून ते दूर नाही, आणि किहीमकर हे आडनाव तेथूनच आले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत काम केलेले, फुलपाखरांचे अभ्यासक आयझॅक किहीमकर यांचे नाव काही वाचकांनी ऐकले असेल. तर १९३० साली पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली हे जर्मनीतून शिकून मुंबईस परतले, तेव्हा त्यांची नोकरी गेलेली होती. पत्नी तेहमिना यांच्यासह ते किहीमला येऊन राहिले. जवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. नोकरी नसल्यामुळे वेळ होता, आणि तो त्यांनी त्या वसाहतीकडे पाहण्यात घालविला. १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा जो निबंध प्रसिद्ध झाला, त्याने सुगरणीच्या संसाराविषयीचा जुना समज पालटला. त्या वेळचा कुलाबा जिल्हा १९८१ पासून रायगड झाला आहे.

मराठीत आपण 'सुगरण' म्हणतो, जणू ती एखादी घरंदाज, हातगुणाची बाई. पण विणकर असतो नर. पावसाळ्याच्या तोंडाला तो गवताच्या व माडाच्या पात्यांच्या चिंध्या सोलून आणतो व ताडाच्या किंवा बाभळीच्या टोकाला लटकते घर विणू लागतो. एका पुऱ्या घरट्यासाठी पाचशेपर्यंत खेपा होतात. पण तो ते एकदम पुरे करीत नाही. आठेक दिवसांत ते टोपाच्या आकाराचे, अर्धवट झाले की थांबतो, आणि पंख फडफडवीत गाऊ लागतो. माद्यांचा थवा येतो. त्या आत शिरून, ओढून, चाचपून पाहतात. आपल्याकडे मुलीची माणसे स्थळ पाहावयास जातात तेव्हा भिंतीला ओल आहे का तेही पाहतात, तसेच हे. एखादीला पसंत पडले म्हणजे नर पुढची नळी विणून घर पुरे करतो, ती अंडी घालते व एकटीच उबवते. नर काय करतो? तो शेजारच्या फांदीवर दुसरे घर सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. ऋतू साधला तर तिसरेही. ज्या घराला कोणीच पसंत केले नाही, ते तो तसेच टाकून देतो किंवा उसकटून टाकतो. किहीमच्या झाडांवर जी अर्धवट टोपडी लोंबताना दिसत, ती दुबळ्या पक्ष्यांची किंवा वादळाने मोडलेली घरे नव्हेत. ती नाकारलेली स्थळे होत.

सुगरणीचा नर पत्नीला सोडतो, तरी पिल्ले मरत नाहीत, कारण पावसाळ्यात किडे व दाणे इतके असतात की एकटी आई बहुतेक काम निभावते. जेथे एकाच्याने निभावते तेथे दुसऱ्याला जाणे परवडते. या नियमाचे टोक पाहावयाचे तर युरोप व मध्य आशियातील पेंड्युलाइन टिट हा पक्षी पाहावा. हिवाळ्यात तो इस्रायलमध्येही येतो. चिमणीहून लहान, पण घरटे मऊ लोकरीसारखे, पिशवीच्या आकाराचे. यांच्यात नर व मादी कधीच मिळून उबवीत नाहीत. कधी तो जातो व ती राहते, कधी ती जाते व तो राहतो. दोघांनाही दुसरीकडे नवा घरोबा करावयाचा असतो, म्हणून आधी कोण निसटतो याची जणू शर्यत लागते. मादी अंडी घालते ती घरट्याच्या तळातील कापसात पुरून ठेवते, म्हणजे किती झाली हे नराला कळू नये व तो आधी पळू नये. आणि परिणाम काय? सुमारे तिसरा हिस्सा घरट्यांतून दोघेही निघून जातात आणि अंडी तशीच थंड होतात. दोघेही हुशार, आणि नुकसानही दोघांचे. प्रत्येक वेळी हिशेब बरोबर येतोच असे नाही, हे यावरून दिसते.

उलट टोकाचा दाखला अबूधाबी अमिरातीतच आहे. अल वथबा येथील पाणथळ जागेत केंटिश चिखल्या नावाचा पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतो. हा गाणारा पक्षी नव्हे, किनाऱ्यावरचा आहे. पण घरटे सोडण्याच्या अभ्यासात त्याचे नाव सर्वांत पुढे असते, कारण अन्य देशांत पिल्ले निघाल्यावर दोघांपैकी एक, बहुधा मादी, निघून जाते. टमाश सेकेली व त्यांच्या सहकाऱ्यांनी अल वथबा येथे पाहणी करून २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या रणरणत्या उन्हात अंड्यांवर दिवसा सतत कोणीतरी असावेच लागते. ऊब देण्यासाठी नव्हे, सावलीसाठी! अंड्यातील जीव चाळीस अंशांच्या फार वर टिकत नाही. एकटा पक्षी एवढा वेळ भर दुपारी बसला तर तोच भाजून निघेल. म्हणून नर व मादी वरचेवर पाळी बदलतात, आणि पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून अंड्यांवर बसतात. जेथे ऊन असे, तेथे एकाला निसटून चालत नाही.

अल ऐनच्या बाल्कनीतील पाहुण्यांना हाच धडा लागू पडतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये आई अर्धा तास दूर राहिली तर बिघडत नाही. मे महिन्याच्या दुपारी, कुंडीवर ऊन असता, आपण तिला पाव तास घरट्यावरून हुसकून ठेवले तर अंडी आपणच शिजविली असे समजावे. लोद किंवा अश्दोद येथील हवेचे अनुमान येथे लावू नये.

तोराच्या पाचव्या पुस्तकात, बाविसाव्या अध्यायात, पाखराच्या घरट्याविषयी जी आज्ञा आहे ती वाचकांस पाठच आहे: आई अंड्यांवर किंवा पिल्लांवर बसली असता दोघांना मिळून धरू नये, आईला जाऊ द्यावे. रामबाम यांनी याचे कारण आईच्या वेदनेत शोधले. येथे आम्ही पक्ष्यांच्या बाजूचे तेवढे पाहतो. रानातील पाखरू एरवी कोणाच्या हाती लागत नाही. ते हाताने धरता येते ते फक्त घरट्यावर बसलेले असताना, कारण तेव्हा ते उडत नाही. आज्ञा ज्या प्रसंगाची आहे तो प्रसंगच मुळी उबवणीच्या अखेरच्या दिवसांचा, जेव्हा सोडून जाणे पाखराला सर्वांत महाग पडते.

जेथे कोणीच सोडून जात नाही असेही एक घर आहे. महाराष्ट्रात बागेत सहा-सात मिळून कलकलाट करीत फिरणारे सातभाई आपण पाहिलेच आहेत. त्यांचाच वाळवंटी नातलग अमिरातीत घाफ व बाभळींच्या झाडोऱ्यात राहतो, आणि इस्रायलच्या अरावा खोऱ्यातही. हिब्रूत त्याला 'झनवान' म्हणतात. तेल अवीवचे आमोत्झ झहावी यांनी १९७० च्या दशकापासून हत्सेवा येथे याच पक्ष्यांवर जन्मभर अभ्यास केला. ते २०१७ साली वारले. या टोळीत अंडी मुख्य जोडप्याची, पण भरवणारे सगळे: थोरली भावंडे, काका, आत्या. वाळवंटात रिकामा मुलूख मिळत नाही, स्वतंत्र बिऱ्हाड कोठे थाटणार? म्हणून तरुण घरीच राहून धाकट्यांना भरवतात. येथेही हिशेब आहेच, फक्त तो राहण्याच्या बाजूने पडतो. आणि झहावी यांचे म्हणणे असे की भरवण्याच्या मानासाठीसुद्धा त्यांच्यात चुरस असते, वरचा पक्षी खालच्याला कधी कधी भरवू देत नाही. कोकणातील एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना याचे विशेष नवल वाटू नये.

आता थोडे व्यवहाराचे. पिल्लाला माणसाचा हात लागला की आई त्याला टाकते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. हे खरे नाही. गाणाऱ्या पक्ष्यांना वास येतो, पण हाताच्या वासाने ते पिल्लाला टाकीत नाहीत. भीती असते ती आपल्या वारंवार जाण्याची. नागडे, डोळे मिटलेले पिल्लू खाली पडलेले दिसले तर हळूच उचलून घरट्यात ठेवावे व निघून यावे. पिसे आलेले, आखूड शेपटीचे पिल्लू जमिनीवर फुदकत असेल तर ते पडलेले नाही, शाळेत गेलेले आहे. बुलबुलाची पिल्ले बाराव्या दिवसाच्या सुमारास, नीट उडता येण्यापूर्वीच बाहेर पडतात, व आईबाप त्यांना पुढेही कित्येक दिवस भरवतात. अशा पिल्लाला खोक्यात घालून दूधपाव देणारे दयाळू लोक त्याला अनाथ करतात. फार तर मांजरीपासून वाचविण्यासाठी झुडपावर ठेवावे. कित्येक गाणाऱ्या पक्ष्यांत या वेळी बाप थोरल्या पिल्लांना सांभाळतो व आई दुसरे घरटे सुरू करते. त्यामुळे एकच पालक दिसला म्हणून दुसरा पळाला असे मानू नये.

एसीच्या बाहेरच्या पेटीवर किंवा खिडकीच्या खाचेत घरटे असेल आणि उन्हाळ्यापूर्वी दुरुस्तीवाला यावयाचा असेल तर काय करावे, असेही विचारले जाते. काड्या नुकत्या पडू लागल्या असतील तर त्याच दिवशी काढून जागा बंद करावी. पाखरू दुसरीकडे बांधील, त्याचे फार गेले नाही. अंडी उबू लागली असतील वा पिल्ले असतील तर दुरुस्ती पुढे ढकलावी. अंड्यापासून पिल्लू उडेपर्यंत बुलबुलाला चार आठवडेसुद्धा लागत नाहीत. आमच्या मते एवढे दिवस दुसऱ्या खोलीत निजता येते. मधल्या मार्गाने, म्हणजे घरटे अलगद उचलून दोन खोल्या पलीकडे ठेवून, पुष्कळ जण दोन्हीकडून घालवतात. आई जुन्या जागी येऊन शोधते व निघून जाते.

खरोखर टाकलेले घरटे ओळखावयाचे तर दुरून, पडद्याआडून, सकाळी व संध्याकाळी तासभर पाहावे. शेवटचे अंडे पडल्यापासून तीन आठवडे उलटले, पिल्लू निघाले नाही, व दोन्ही वेळा कोणी येताना दिसले नाही, तरच कुंडी धुवावी. पिल्ले उडून गेलेले घरटेही खुशाल काढावे. बुलबुल सहसा तेथे परत बसत नाही. ऋतू उरला असेल तर ती तेच गवत, तीच मुळे वेचून शेजारच्या झुडपात दुसरे बांधते.